वेदीपुढचा भोपळा आणि नागुबाईंचा कोंबडा

अनगोळ, बेळगाव
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप जयवंताआक्का हिस,

धाकट्या राजकुमारचा प्रभूच्या नावानं सलाम. अकरा वर्षांनी माझं पत्र आलेलं ऐकून तुला धक्का बसला असेल. बसू दे. मला गेल्या रविवारपासून इतके बसलेत की त्यातला एखादा तुझ्याकडं गेला तर माझं ओझं तेवढंच हलकं होईल. तुझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं (कसं कळलं ते पुढं येईल, तोही धक्काच आहे). थेंब वेळेवर घालून घे, वाकून काही उचलू नको. गुडघे काय म्हणतात? इकडं आम्ही ठीक. माझी साखर थोडी वर, तुझ्या भावजयीचा, विद्युल्लताचा, आवाज त्याहून थोडा वर, आणि माझ्या शिंका आहेत तशाच. तंबाखूचा नुसता वास आला तरी सलग सात.

डोळ्याला पट्टी आहे म्हणजे हे पत्र तुझी सून वाचून दाखवणार. मंजुश्री, बाळ, एवढं कर. कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही. (वरचा एक वाचला असशील, तो चालेल.) मनात वाचायचं आणि पुढं जायचं. सासूबाईंनी ‘का थांबलीस गं’ म्हणून विचारलं तर मामांचं अक्षर लागत नाही म्हण. त्यांना ते पटेल. लहानपणी माझी पाटी त्याच पुसायच्या.

तर आमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळकसाहेब आलेत. नाव निशांत, वय तिशीच्या आतबाहेर, मोटरसायकलवरून येतात. जुने पाळक वचन समजावून सांगायचे, आम्ही मान डोलवायचो आणि घरी जाऊन जेवायचो. चाळीस वर्षं यात कुणाचं काही बिघडलं नाही. या माणसानं पहिल्याच रविवारी जाहीर केलं की दर आठवड्याला एक वचन घ्यायचं आणि ते करायचं, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून काय केलं ते सांगायचं. आक्का, पवित्र शास्त्र वाचायचं असतं, पाठ करायचं असतं, उशाशी ठेवायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. ते करायचंही असतं हे ऐकून साठी ओलांडलेल्या माणसानं काय करावं? मी शेजारच्या बाकाकडं बघितलं, तर तो बाक माझ्याकडं बघत होता.

पहिलं वचन आलं ते एक मैल चल म्हणणाऱ्याबरोबर दोन मैल जा, हे. मी म्हटलं, सोपं आहे. सोमवारी आमच्या गल्लीतला विक्रम भेटला आणि सहज म्हणाला, ‘काका, नाक्यापर्यंत येताय काय?’ गेलो. नाक्यावर तो पान खाऊन परत फिरणार, तर मी म्हटलं, अजून तेवढंच चालायचं, वचन आहे. पोरगं मर्यादेचं, माझ्यामागं निघालं. आम्ही चालत चालत येळ्ळूरपर्यंत गेलो. वाटेत दोनदा त्यानं हात जोडून विचारलं, ‘काका, माझं काय चुकलं काय?’ आता मला बघितलं की तो दुसऱ्या बोळातून जातो. मी रविवारी साक्ष दिली तेव्हा मात्र लोकांनी टाळ्या वाजवल्या. (मंजुश्री, येळ्ळूरपर्यंत गेलो नाही. अर्ध्या वाटेतून रिक्षा केली. भाडं विक्रमनं दिलं.)

आता मूळ गोष्ट. परवाच्या रविवारी आमचा हंगामाचा सण होता. तुला माहीतच आहे, ज्यानं जे पिकवलं ते वेदीपुढं आणून ठेवायचं, उपासना झाली की लिलाव, मग प्रीतिभोजन. कुणी उसाची मोळी आणली होती, कुणी ज्वारीची कणसं, बेकरीवाल्यांनी केक. नागुबाईंनी, वय ब्याऐंशी, पाय बांधलेला एक तांबडा कोंबडा आणून वेदीच्या पायरीवर ठेवला होता. आणि मी भोपळा. आक्का, भोपळा म्हणजे काय सांगू! परसातला, माझ्या हातचा. दोघांनी उचलून न्यावा लागला. सेक्रेटरी चिंतामणींनी तो बघितला आणि आपल्या पपया जरा बाजूला सरकवल्या, तेव्हा मला जो आनंद झाला तो सणाच्या दिवशी होऊ नये असा होता.

आणि पाळकांनी वचन काढलं मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. वाचून म्हणाले, आता पाच मिनिटं शांत बसू, ज्याला कुणी आठवेल त्यानं उठून जावं. अशी पाच मिनिटं आम्हाला नवी नव्हती. डोळे मिटायचे, मटणाचा वास कुठल्या खिडकीतून येतोय ते बघायचं, आमेन म्हणायचं. मी डोळे मिटले. तर खुर्ची सरकल्याचा आवाज. बघतो तर नागुबाई काठी टेकत निघालेल्या! जावेशी वीस वर्षं बोलणं नव्हतं, ती कडोलीला असते. कोंबडा पायरीवर आणि बाई थेट रस्त्यावर, रिक्षाला हात करून.

मग काय, मेंढरं निघावीत तशी मंडळी उठली. गायनमंडळ गेलं. पेटीवाला गेला. वाढपी डाव टाकून गेले. चिंतामणी माझ्यापाशी आले, माझा हात धरला आणि म्हणाले, ‘राजकुमार, मी तुला माफ केलं बघ.’ मी विचारलं, कशाबद्दल? तर म्हणतात, ‘ते आता काढायचं न्हाय.’ आक्का, मी हबकलो. गुन्हा माहीत नाही, शिक्षा झालीय की नाही माहीत नाही, आणि माफी पदरात! मी ती घ्यायला नकार दिला, त्यावरून आमचं जे जुंपलं त्यात निघालं की नाताळाच्या गाण्यांच्या एका फेरीत, मोबाईलसुद्धा नव्हते तेव्हा, ‘चिंतामणीला नुसते ओठ हलवू द्या’ असं मी म्हणालो होतो. बरोबरच म्हणालो होतो. पण या माणसानं ते एवढी वर्षं जपलं, आणि माझ्याकडं बघून दर रविवारी हसला!

दहा मिनिटांत देवळात तिघं उरलो. पाळक, मी आणि कोंबडा. पाळक माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, काका, तुमचं कुणाशी वाकडं नाही? मी म्हटलं, न्हाय बा. म्हणाले, बहीणभाऊ कुणी? मी म्हटलं, कुणी न्हाय. मग म्हणाले, ‘निपाणीला कुणीतरी आहे असं काकू म्हणत होत्या.’ मी म्हटलं, ‘निपाणीत मी कुणालाच ओळखत न्हाय.’

आणि कोंबडा आरवला.

भर दुपारी. पाय बांधलेला. माझ्याकडं मान वर करून. आक्का, पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं आणि कोंबडा आरवला ही गोष्ट आईनं आपल्याला एकाच गोधडीत सांगितली होती, आणि तू तिसऱ्या नकाराला मला चिमटा काढायचीस. पाळक हसले नाहीत, तेच जास्त वाईट झालं. पेत्र बाहेर जाऊन रडला होता. मी बाहेर गेलो आणि चप्पल शोधत बसलो. (मंजुश्री, चप्पल पायापुढंच होती. डोळे भरले होते म्हणून दिसेना.)

घरी येऊन विद्युल्लताला विचारलं, निपाणीचं पाळकांना सांगायची काय गरज होती? तेव्हा पुढचा धक्का. ती शांतपणे म्हणाली की अकरा वर्षं दर रविवारी दुपारी ती तुला फोन करते! मला वाटायचं ती शाळेतल्या मैत्रिणीशी बोलते. दरवर्षी बरणी भरून येणारं आणि मी ‘मिरजेच्या दुकानातलं’ म्हणून चाटूनपुसून खाणारं लोणचं तुझं! आणि ज्या भोपळ्याच्या जिवावर मी चिंतामणींना पपया सरकवायला लावल्या, त्याचं बीसुद्धा तूच पुडीतून पाठवलेलं. म्हणजे मी तुझ्याशी बोलत नाही एवढं एकच माझं स्वतःचं होतं, बाकी सगळं तुझ्याकडून येत होतं. माझ्याच घरात मला कुणी हे सांगितलं नाही.

वाद कशाचा ते तुला सांगायला नको. आई गेल्यावर तिचं पवित्र शास्त्र मी बायंडिंगला टाकतो म्हणून निपाणीहून नेलं. पहिल्या पानावर आपल्या दोघांच्या जन्मतारखा, आईच्या अक्षरात. तू दोनदा मागितलंस, मी दोनदा बायंडरकडं आहे म्हणालो. तिसऱ्यांदा तू मागितलं नाहीस, दार लावून घेतलंस. शास्त्रावरून भांडणारी भावंडं म्हणून आपलं नाव दोन तालुक्यांत झालं. (मंजुश्री, ते बायंडरकडं कधीच गेलं नाही. माझ्या कपाटात आहे. पानं उघडली की आईच्या लुगड्यातल्या कापराचा वास येतो, आणि बायंडर डिंक लावतात. म्हणून मी खोटं बोललो. पहिल्यांदा बोललो आणि मग ते खरं करायला दुसऱ्यांदा बोललो.)

इतरांचं सगळं चार वाजेपर्यंत मिटलं. नागुबाई जावेला घेऊनच परत आल्या, कोंबड्याचा लिलाव झाला, मटण जरा खाली लागलं पण संपलं. वेदीपुढं एकटा माझा भोपळा उरला. पाळक म्हणाले, काकांचं अर्पण अजून व्हायचंय, कुणी हात लावायचा नाही. काल बुधवारच्या प्रार्थनेलाही तो तिथंच होता, आणि आल्यागेल्या प्रत्येकानं आधी त्याच्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. अशा अवस्थेत मी आहे. तुझ्या प्रकृतीसाठी रोज प्रार्थना करतो. (आजपासून.)

तुझा,
राजकुमार

ता. क. खरं काम राहिलंच. सोबत पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट आहे. ‘माझ्या मनात राजूविरुद्ध काही नाही’ एवढी एक ओळ लिहून सही पाठव, म्हणजे रविवारी भोपळा सुटेल. यायची तसदी नको, मलाही जमणार नाही.

ता. ता. क. (शुक्रवार) विद्युल्लतानं वरची ओळ वाचली. म्हणाली, ‘आक्काच्या डोळ्याला पट्टी हाय आणि तुम्ही सही मागताय व्हय?’ पाकीट तिनं काढून घेतलं. आज जेवताना लोणचं वाढलं नाही.

शेवटचं. (शनिवार) पत्र पेटीत टाकायला निघालो तो स्टँडवर पोचलो आणि निपाणीच्या बसमध्ये चढलो. हे मी तुझ्या घरासमोरच्या तंबाखूच्या वखारीत उभा राहून लिहितोय. लिहून झालं की पत्राचं पाकीट तुझ्या उंबऱ्यावर ठेवणार, बेल वाजवणार आणि परत इथं येऊन उभा राहणार. शिंका ऐकू येत असतील तर त्या माझ्याच. पिशवीत आईचं शास्त्र आहे, बायंडिंग न केलेलं. मंजुश्री, आता पहिल्यापासून कंसातलं सगळं मोठ्यानं वाच. आक्का, ऐकून झालं की दार उघडायचं की नाही ते तू ठरव. पाचवी शिंक झालीय.