कुत्रा नसलेला खंडोबा

नाशिक, सोमवार संध्याकाळ

...त्या दिवशी पाणी भरून झालं होतं, धुणं वाळत घातलं होतं आणि मी चिंचेने देव घासत बसले होते, तेव्हा यांनी तो देवाची आकृती उठवलेला तांब्याचा टाक माझ्या ओल्या हातावर ठेवला. विंचूरला माझ्या भावाच्या शेतात यांच्या मेटल डिटेक्टरला सापडलेला. "घोडा आहे, तलवार आहे, म्हणजे खंडोबाच," म्हणाले. यांना जाऊन तीन वर्षं झाली. मी रोज त्याला हळद वाहते.

आज वाचनालयातल्या पुस्तकात चित्रं पाहिली. खंडोबाच्या घोड्यापाशी कुत्रा असतो. आमच्या टाकावर नाही. भिंग लावून पाहिलं, नाहीच. पुस्तकात लिहिलंय, असा एकटा स्वार म्हणजे कुणाच्या तरी घरातला अकाली गेलेला माणूस, वीर म्हणून पुजलेला.

भावजयीला फोन केला, तर ती हसली. "ताई, एवढे दिवस खंडोबा म्हणून जेवला ना तो, आता काय उपाशी ठेवता त्याला?" मग म्हणाली, "पण शेताच्या जुन्या मालकांची म्हातारी अजून विचारते, आमचा वीर नांगराला लागला का म्हणून. दाजींनापण विचारलं होतं तिने."

यांना? मग मला खंडोबा का सांगितलं? की यांना खरंच कळलं नव्हतं? कुत्रा नाही हे मलाही कुठे दिसलं होतं! आता विचारू कुणाला? आणि टाक दिला, तर यांनी माझ्या हातावर ठेवलेलं दुसरं काही उरत नाही.

मंगळवार

सकाळच्या बसने विंचूरला गेले आणि टाक म्हातारीला देऊन आले.