घेतलेला नारळ

२३ फेब्रुवारी, रविवार
रेश्मा आठ दिवस घरी आहे. विद्यापीठाची परीक्षा जवळ आली तरी जायचे नाव नाही. पळायचे बूट पडवीत खुंटीला टांगलेत. नातीचे बूट असे कधी कोरडे पाहिले नव्हते. पहाटे आमच्या कापडे गावातून निघून घाटाच्या पहिल्या वळणाला शिवून यायची, मी चहा पिऊन होईपर्यंत परत.
आज सुनंदाने अर्धे सांगितले, अर्धे मी विचारले नाही. धावण्याचा कोच. तिथलाच, विद्यापीठाचा. सून बोलताना भांडी घासत होती, तोंड माझ्याकडे नव्हते.
छातीत धडधड. गोळी घेतली. घेतली की नाही आठवेना, म्हणून पाकीट मोजले. घेतली होती.

२५ फेब्रु., मंगळ
रे.ने विद्यापीठाचे पत्र वाचून दाखवले. संबंधित प्रशिक्षकाची सेवा संपवली आहे, तो कंत्राटी होता, सबब प्रकरण निकाली.
मी म्हटले, गेला ना तो? आता काय?
“आबा, माझ्याआधी दोघींनी त्याच्याविरुद्ध अर्ज दिले होते. एक दोन वर्षांपूर्वी. ते कुणी दाबले, एवढं लिहून द्या म्हणतेय मी. दुसरं काही नको मला.”
दुपारभर तेच डोक्यात. मुंबईला गोदामावर राखण करायचो तेव्हा एकदा कुलूप फुटले. मालकाने चोर नंतर शोधला, आधी आम्हाला उभे केले. कडी ढिली आहे असे मी मुकादमाला दोनदा सांगितले होते. मुकादम म्हणाला, मला कोणी बोलले नाही. नोकरी माझी गेली. मुकादम तिथेच म्हातारा झाला.
हे रे.ला सांगायला हवे होते. सांगितले नाही. उगाच.

१ मार्च, शनि
फार मोठे काही झाले नाही असे वाटते. तरी लिहून ठेवतो.
सून आणि रे. महाडला वकीलबाईंकडे गेल्या होत्या. मी एकटा. अकराच्या सुमारास पांढरी गाडी आली. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे साहेब, बरोबर एक फोटो काढणारा, आणि वाट दाखवायला आपला बाळाराम. गावकीचा अध्यक्ष घेऊन आला म्हटल्यावर मी खाट झटकली. चहा मीच केला, साखर जास्त पडली.
साहेब नम्र. “बाबा, तुमची नात आमचीही मुलगी.” पिशवीतून शाल काढली, नारळ काढला. मी मागे सरलो. बाळाराम म्हणाला, “घ्या आबा. दारात आलेला नारळ परत धाडीत नाय.”
दोन्ही हातांनी घेतला. कपाळाला लावला. हात आपोआप गेले.
एका कागदावर सही केली. भेट झाल्याची, म्हणाले. चष्मा माळ्यावर होता, आणायला गेलो तर म्हणाले राहू दे.
नारळ देव्हाऱ्यात ठेवला.

२ मार्च, रवि
काल गाडीचा धुरळा बसायच्या आत कळायला हवे होते. आपल्या गावकीत भांडण मिटले की गुन्हेगार देवासमोर नारळ देतो. समोरच्याने घेतला की संपले. पुन्हा तो विषय काढायचा नाही, काढला तर काढणाराच दोषी. बांधावरून, गुरांवरून, सोयरिकीवरून असे कितीतरी नारळ मी स्वतः मध्ये बसून लोकांना घ्यायला लावले. आणि मीच.
रे.ने देव्हारा पाहिला. “हा कुणी दिला?”
सांगितले.
“आबा, जे झालं ते माझ्यासोबत झालं. घेतलात तुम्ही. मला विचारलंत?”
ओरडली असती तर बरे झाले असते. सुनेने माझ्यापुढे ताट ठेवले आणि मिठाची वाटी द्यायला विसरली. मी मागितली नाही.

६ मार्च, गुरु
वकीलबाईंनी मोबाईलवर कागद पाठवला. सरकारने जी चौकशी समिती नेमली आहे तिला विद्यापीठाने उत्तर दिलेय. ‘मुलीच्या कुटुंबाने स्थानिक प्रथेनुसार नारळ स्वीकारून समाधान व्यक्त केले आहे.’ खाली माझी सही. वर माझा फोटो, खांद्यावर घडी घातलेली शाल. हसतोय मी. कशाला हसलो कोण जाणे. फोटो काढताना हसा म्हणतात म्हणून.
समिती १८ ला महाडला, कॉलेजात बसणार. आपल्या भागातल्या मुली तिथे येऊन बोलतील.
रे.ने फोटो पाहिला, मोबाईल उलटा ठेवला. मुलाचा मुंबईहून फोन. “आबा, तुम्हाला कोण बोलला होता सही करायला?” ठेवून दिला.
गोळी दोन वेळा घेतली, मुद्दाम.

१० मार्च, सोम
नारळ हलवून पाहिला. पाणी आहे. फोडता येत नाही, फोडला तर प्रसाद खाल्ल्यासारखा. नदीत सोडावा तर देवाला फसवल्यासारखे.
बाळारामला रस्त्यात गाठले. घेतलेला नारळ परत करता येतो काय?
“आजवर कुणी केलाय?”
नाही.
“मग? आबा, एवढी मोठी माणसा पायरी चढून आली तुमच्याकडं. उद्या गावात व्यायामशाळा देतो म्हणालेत.”
हे मला आधी ठाऊक नव्हते.

१५ मार्च, शनि
शिमग्याला मुंबईकर आलेत, म्हणून आज देवळात गावकीची बैठक. पालखीचे विषय संपल्यावर मी उभा राहिलो. खांब धरला.
म्हटले, नारळ द्यायची रीत काय ते सांगा. मी सांगतो. ज्याचा गुन्हा त्याने द्यायचा. ज्याच्यावर झाला त्याच्या हातात द्यायचा. आणि देण्याआधी चारचौघांत तोंडाने सांगायचे, मी हे हे केले. आठवा, पाणी चोरले तेव्हा माझ्या सख्ख्या भावाला इथेच बोलायला लावले होते. तो रडला, तरी बोलायला लावले. त्या साहेबांच्या तोंडून एक शब्द निघाला काय? बाळाराम, तू होतास.
बाळाराम म्हणाला, “चहा बरा झालाय म्हणाले.”
लोक हसले. मीही हसलो असतो दुसऱ्या वेळी.
मुंबईचा एक जण म्हणाला, “आबा, विद्यापीठ म्हणजे काय एक माणूस हाय? बोलणार कोण?”
“गाडी कुणी पाठवली? तो बोलंल.”
“तो म्हणंल वरून सांगितला.”
“मग वरचा बोलंल. कुठंतरी माणूस लागंलच की रे.”
मागून कुणीतरी, “आबाला शाल तरी चांगली मिळाली.” ती मी अजून घडी मोडून वापरलेली नाही. हेही सांगितले. कशाला सांगितले.
निर्णय नाही. पुढच्या बैठकीत बघू. बाया देवळाबाहेर बसतात, तिथे रे. होती. घरी येताना माझ्या पुढे चालत होती, पण वळणावर थांबली, मी येईपर्यंत.

१८ मार्च, मंगळ
सकाळच्या एस.टी.ने महाड. पिशवीत नारळ आणि शाल. वाटेत प्रत्येक धक्क्याला पिशवी मांडीवर उचलून धरत होतो.
आधी रे. आत, वकीलबाई सोबत. मी आणि सून बाकावर. पाऊण तास. बाहेर आली, पाणी प्यायली, पुन्हा प्यायली.
मग मला बोलावले. तिघेजण, मध्ये बाई. बाजूच्या खुर्चीत तेच साहेब. बाईंनी विचारले, सही तुमची? हो. वाचून केली? नाही. कुणाच्या वतीने केली?
रे.नेही वेगळ्या शब्दांत हेच विचारले होते. म्हटले, बाई, माझ्या वतीने. माझ्या नातीच्या वतीने करायचा मला हक्क नव्हता. मी म्हातारा माणूस, सवयीने हात पुढे केला. चूक माझी.
मग नारळ साहेबांच्या समोर टेबलावर ठेवला. शाल वर ठेवली. म्हटले, हे तुमचे. आमच्यात आधी बोलायचे असते. दोन मुलींचे अर्ज कुणाच्या टेबलावर पडून होते, नाव घेऊन सांगा. मग मुलीला विचारा, घेतेस काय. ती नाही म्हणाली तर तिची मर्जी.
साहेब म्हणाले, “ते अर्ज आमच्या विभागाकडे नव्हते.”
बाईंनी विचारले, मग कुठल्या?
“माहिती घेऊन कळवतो.”
साहेबांनी नारळाला हात लावला नाही. बाईंनी कॉलेजच्या क्लार्कला नोंद करायला सांगितली. तो म्हणाला, मॅडम, नारळाला आवक नंबर कसा देऊ? बाई म्हणाल्या, जबाबात लिहा.
लिहिले. वाचून घेतले. या वेळी चष्मा नेला होता.
येताना रे.ने एस.टी.त खिडकी मला दिली.

२० मार्च, गुरु
आज चवदार तळ्यावर लांबलांबून माणसे आलेली, एस.टी. भरून चालल्यात. बाजारात गेलो नाही.
बाळाराम दारावरून गेला, पडवीकडे बघितले नाही. व्यायामशाळा गेली असे गावात बोलतात. ज्याला त्याला वाटते मी घालवली. असेल.
झोप नाही. देवाला अपमान वाटला असेल काय? रे.ला म्हटले तर म्हणाली, “देवाला विचारून आणला होता का त्यांनी?”

२७ मार्च, गुरु
वकीलबाईंकडे विचारले. समिती अहवाल योग्य वेळी देईल. विद्यापीठाने ‘माहिती’ अजून कळवलेली नाही. परीक्षेचे काय, कुणालाच माहीत नाही. रे. म्हणते, लिहून आल्याशिवाय तिथे पाऊल टाकणार नाही. वर्ष जाईल, मी म्हटले. जाऊ दे म्हणाली. मला भीती वाटते. तिला वाटते की नाही कळत नाही. आज तिने बूट खुंटीवरून काढले, झटकले, पुन्हा टांगले.
दुपारी कॉलेजच्या क्लार्कचा फोन.
“आजोबा, तुमचा नारळ इथेच कपाटावर आहे. घेऊन जा.”
माझा नाही, म्हटले.
“साहेब नेत नाहीत. विद्यापीठात फोन केला, तिथे कोणी आपला म्हणत नाही. उन्हानं तडा गेलाय, पाणी झिरपतंय. खाली फायली आहेत हो.”
मी म्हटले, फायली बाजूला घ्या. नारळ राहू द्या तिथेच.