अध्यक्षसाहेबांची लाइन आणि माझा न लिहिलेला माफीनामा

संगमनेर,
डिसेंबर १९९९

ती. रंभाजीमामांस जयमालाचा सप्रेम जयभीम.

मामींचा गुडघा आता कसा आहे? मी पाठवलेलं तेल त्या गुडघ्यालाच लावतात की म्हशीच्या शिंगांना, हे खरं कळवा, कारण मागच्या बाटलीनंतर गुडघा होता तसाच राहिला आणि शिंगं मात्र चकाकत होती. इकडे माझी तब्येत उत्तम. भूक लागते, झोप लागते, नोकरी तेवढी जाण्याच्या बेतात आहे. तुमचं पत्र पोचलं. माफीचे दोन शब्द लिहून दे आणि मार्चमध्ये कायम हो, असा तुमचा सल्ला. वडीलकीचा सल्ला म्हणून तो डोक्यावर घेतला आणि तिथेच ठेवला आहे. माफी मी लिहिणार नाही. का नाही ते सविस्तर सांगते, कारण आमच्या प्राचार्य शामकांत सरांनी तुम्हाला सांगितलेली हकिगत अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी त्यांनाही कळलेली नाही.

तुम्ही जन्मभर एसटीत कंट्रोलर होता, तेव्हा हे प्रकरण तुम्हाला आमच्या संचालक मंडळापेक्षा लवकर समजेल. आमच्या कॉलेजात इंटरनेटच्या दोन वाटा आहेत. एक लीज लाइन, म्हणजे चोवीस तास फक्त आपल्यासाठी राखलेली वेगवान तार. दुसरी ऑफिसच्या टेलिफोनवरून डायल करून लागणारी, जी लागताना अशी किंचाळते की पहिल्या दिवशी आमच्या शिपाई रंगुबाई हातातला चहा टाकून बाहेर गेल्या. या दोन वाटांच्या तोंडाशी मी एक जुना संगणक बसवला. त्याला फायरवॉल म्हणतात. आतबाहेर जाणारं सगळं त्याच्या नजरेखालून जातं, तुमच्या स्टँडवरच्या केबिनसारखं. साधा कंट्रोलर गाडी कुठं जायची एवढंच बघून रस्ता देतो. माझा कंट्रोलर गाडी कुठल्या फलाटावरून सुटली, आत काय माल आहे, तेही बघतो आणि मग कोणाला लीज लाइन आणि कोणाला फोन ते ठरवतो. त्यासाठी नियम एकाखाली एक लिहून द्यायचे. यंत्र वरून वाचत येतं, आणि पहिला जो लागू पडेल तो मानून मोकळं होतं. म्हणजे वर कोण आणि खाली कोण याला फार महत्त्व. एवढं एक वाक्य मी मंडळाच्या सभेत बोलले आणि तिथून माझे ग्रह फिरले.

वर कोण, खाली कोण म्हटल्याबरोबर पेंगणारे संचालकसुद्धा सावरून बसले. पुढची सगळी चर्चा लग्नपत्रिका छापायला घेतल्यासारखी झाली. अध्यक्षसाहेबांचं मशीन सर्वांत वर, यावर दुमत नव्हतं. त्यांच्याखाली उपाध्यक्ष की सचिव, यावर चहा दोनदा फिरला. माजी अध्यक्षांचं नाव राहिलं तर बरं दिसणार नाही म्हणून तेही घातलं (त्यांच्याकडे संगणक नाही, आणि ते कॉलेजात येतही नाहीत). मग प्राचार्य. आणि विद्यार्थी पत्रिकेत समस्त आप्तेष्ट असतात त्या जागी, सगळ्यांच्या खाली, फोनच्या लाइनवर. मुलींना प्रकल्पासाठी परदेशी विद्यापीठांतले लेख लागतात, हे मी सांगून पाहिलं. त्यावर एक संचालक म्हणाले की पोरींना एवढी घाई कसली. मी तेव्हा नवी होते. ठराव झाला तसे नियम लिहिले.

आता अध्यक्षसाहेबांचं मशीन कसं, ते ऐका. त्याच्यावर मखमली कव्हर, कव्हरवर दसऱ्याचा झेंडू. ते चालू कोणी करतच नव्हतं. त्यामुळे लीज लाइन रिकामी धावत होती आणि फोनच्या लाइनला सगळं कॉलेज लोंबकळत होतं. थोड्या दिवसांत एक गोष्ट लोकांच्या ध्यानात आली की नियम मशीन बघतो, माणूस बघत नाही. झालं. ज्याला त्याला साहेबांच्या केबिनमध्ये काम निघायला लागलं. एका दुपारी साहेब अचानक आले, तर दाराशी चपलांचा ढीग, आणि त्यांच्या खुर्चीत बसून हिशेबनीस कानिफनाथ मुलीची पत्रिका जुळवतायत. (छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळत होते, त्यामुळे साहेबांच्याने त्यांना मधेच उठवेना.) साहेबांनी स्वतःच्या केबिनच्या दारात उभ्याने चहा घेतला.

त्यानंतर मी तो ठराव बाजूला ठेवला आणि माझ्या मनाने नियम लिहिले. अभ्यास, ग्रंथालय आणि विद्यापीठाची मेल लीज लाइनवर. क्रिकेटचा स्कोअर आणि पत्रिका फोनच्या लाइनवर, मग मशीन कोणाचंही असो. (त्या साइटींचे पत्ते शोधायला मला त्या सगळ्या बघाव्या लागल्या. माझी रास मेष निघाली.) माणूस कुठून आला हे बघून वाट द्यायची नाही, काय काम घेऊन आला ते बघायचं. मामा, हे मला कुठल्या पुस्तकात शोधावं लागलं नाही. मी तुमच्या घरात वाढले.

पंधरवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग साहेबांचे पुण्याचे व्याही कॉलेज बघायला आले. साहेबांनी कव्हर काढलं, झेंडू बाजूला ठेवला आणि मोठ्या ऐटीत क्रिकेटचा स्कोअर मागवला. तो अर्थातच फोनच्या लाइनवर गेला. स्कोअरशेजारच्या फोटोतल्या फलंदाजाची टोपी आली, बऱ्याच वेळाने कपाळ आलं, भुवया यायला लागल्या, आणि तेवढ्यात रंगुबाईंनी बाहेर रिसीव्हर उचलला. लाइन तुटली. "म्या काय तोडलं न्हाई, सुनंला फोन लावत हुते," असं त्या आजही सांगतात आणि ते खरं आहे. व्याही समोरच्या मुलींच्या लॅबमध्ये गेले. तिथे यामिनी नावाची विद्यार्थिनी परदेशातला अख्खा लेख भराभर वाचत होती. व्याही तिच्यामागे इतका वेळ उभे राहिले की त्यांच्या चहावर साय आली.

साहेबांनी मला बोलावलं. "पोरी पुढं अन् माझं मशीन मागं? हे कुन्या कायद्यात बसतं, मॅडम?" मी म्हटलं, मशीन मागं नाही साहेब, स्कोअर मागं आहे. तुम्ही विद्यापीठाची मेल उघडा, तुम्हीही पुढंच जाल. सर म्हणतात तो उद्धटपणा एवढाच. आता सोमवारपर्यंत माफी लिहायची आणि जुने नियम परत लावायचे, नाहीतर मार्च विसरायचा.

भीती वाटत नाही असं नाही. त्या लॅबच्या तारा मी स्टुलावर चढून स्वतः ओढल्यात. पण यामिनीला परत फोनच्या लाइनवर बसवून त्याच लॅबमध्ये मी कायम झाले, तर रोज कुठल्या तोंडाने शिरू? म्हणून सांगते, माफी नाही. आईला यातलं काही कळवू नका. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
जयमाला

ता. क. — खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. उद्या तुमच्या पुणतांबा गाडीवर माझी लोखंडी ट्रंक चढवते आहे, ती तिथल्या स्टँडवरून सोडवून घ्या. मी ठाम आहे, पण पुस्तकं जड आहेत, ऐनवेळी एकटीला उचलणार नाहीत.

पुन्हा ता. क. — पत्र टाकायचं राहिलं आणि सोमवार होऊन गेला. व्याह्यांनी पुण्याहून फोन करून मुलींच्या लॅबची इतकी तारीफ केली की साहेबांचा सूर बदलला. म्हणाले, "नियम ऱ्हाऊ द्या तुमचे. पन यादीत माझं नाव सगळ्यात वर पायजे." मी तत्काळ लिहिलं. आमच्याकडे ओळीच्या आधी खिडकीच्या गजांसारखी एक खूण काढली की यंत्र ती ओळ सोडून देतं. ती खूण काढून पुढे लिहिलं, "मा. अध्यक्षसाहेबांच्या कृपाशीर्वादाने". साहेबांनी त्या यादीची फ्रेम करून केबिनमध्ये लावली आहे. यंत्र ती ओळ वाचत नाही, आणि साहेब तेवढीच वाचतात. माफीचा विषय निघाला नाही.

ट्रंक मात्र ठरल्या दिवशीच गाडीवर चढवली, तुमच्या स्टँडवर पडून असेल; ती सोडवून घ्या, पण इतक्यात परत पाठवू नका. साहेबांनी कालपासून कॉम्प्युटरचा क्लास लावला आहे.