ओहोटीतली हाक

३ सप्टेंबर, मंगळवार

आमचा गेम, ‘ओहोटी’, उघडत नाही.

संध्याकाळी रोजच्यासारखं आईला खुर्चीत बसवलं, मशीन लावलं, आणि आमच्या चित्राच्या जागी नुसता राखाडी चौकोन! खाली एक ओळ — ‘ही सामग्री आता उपलब्ध नाही.’

सामग्री म्हणे. खारफुटीचं एकेक मूळ मी हाताने रंगवलंय त्यात!

आईने हाताने विचारलं — काय झालं? म्हटलं, नेटचं काहीतरी असेल. उद्या येईल.

गेममधला माझा भागीदार विल्मर फोन उचलत नाहीये.


४ सप्टेंबर, बुधवार

नेटचं काही नाही. सगळ्यांचाच गेलाय. सकाळपासून निरोपांवर निरोप येतायत. लोकांनी पैसे मोजून घेतलेला गेम रात्रीत त्यांच्या मशीनमधून गायब! गेमच्या पानावर फोटो माझा आहे, त्यामुळे शिव्याही मलाच. ‘चोर.’ ‘मारिउक्सीबाई, आमचे पैसे खाऊन झोप लागते का?’ एकाने तर फक्त खेकड्याचं चित्र पाठवलं, नांगी वर केलेलं.

मला काहीच माहीत नाही हे कोणाला सांगू? कोण विश्वास ठेवेल?

गेम तसा साधा. ओहोटीच्या वेळी एक मुलगी खारफुटीत शिरते, चिखलात खांद्यापर्यंत हात घालून खेकडे काढते. पाणी चढायच्या आत परत यायचं. काठावरून तिची आई हाका मारते. मुलगी जितकी आत जाईल तितकी हाक बारीक होत जाते. हाक ऐकूच येईनाशी झाली, की समजायचं, उशीर झाला.

ती हाक आईची आहे. माझ्या आईची. कराग्वाय बाजारात खेकड्यांची गाठोडी विकणारी आउरिस्तेला — नदीपलीकडे दुरानपर्यंत आवाज जातो, असं लोक म्हणायचे. विल्मरने तिला स्वयंपाकघरात उभं केलं, भिंतींना गाद्या लावल्या आणि म्हणाला, ‘मावशी, हिच्यावर खरोखर ओरडा.’ सांगायची गरजच नव्हती! ‘ए भवाने, पाणी चढतंय, दिसत नाही का?’ ‘बाप गेला खेकड्यांपायी, आता तू जा!’ ‘ताटात वाढलंय, निवून चाललंय!’ लोकांना गेमपेक्षा तिच्या शिव्याच जास्त आवडल्या.

नंतर तिच्या गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागलं. आता गळ्याला एक भोक, त्यावर रुमाल, आणि मांडीवर पाटी. रागावली की पळी आपटते.

तिचा आवाज जगात फक्त त्या गेममध्ये उरला होता. म्हणून तर मी रोज लावते. ती गप्प ऐकते, डोळ्यांत पाणी येतं. तेवढाच तिचा दिवस.


५ सप्टेंबर, गुरुवार

विल्मरच्या खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, ‘तो होय? सामान घेऊन गेला ना राजधानीत, कीतोला, गेल्या आठवड्यात. तुम्हाला नाही सांगितलं?’

नाही सांगितलं.


८ सप्टेंबर, रविवार

शेवटी त्याचाच फोन आला. जसं आठवतंय तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन, असं नसेल बोलला.

‘रागावू नकोस, आधी ऐक —’

‘विकलास?’

‘विकला नाही गं. हक्क दिले. कंपनी माझ्या नावावर होती, माझी सही चालते.’

‘आणि मी?’

‘तुझा वाटा येईल ना.’

‘मी वाटा मागितला का? गेम कुठे आहे?’

‘ते लोक नवीन करतायत. मोठा, जगभर चालेल असा. जुना लोकांकडे राहिला तर नवीन कोण घेईल? म्हणून काढला.’

‘लोकांच्या घरातून?’

‘घरात होता कुठे? त्यांनी गेम घेतलाच नव्हता, न्याना. खेळायची परवानगी घेतली होती. अटींत लिहिलंय तसं.’

न्याना! बहीण! पहिल्या दिवसापासून मला हेच म्हणतो तो. आणि या वाक्यात म्हणाला! जीभ कशी वळली त्याची?

मी विचारलं — आईचा आवाज? तो ज्या फाइलींत होता त्या?

‘सगळं त्यांच्याकडे गेलं. आता माझ्याही हातात नाही. नव्या गेममध्ये आईचा आवाज दुसरी कोणी देणार आहे. मेक्सिकोची नटी आहे एक.’

दुसरी कोणी! मग हळूच म्हणाला, ‘मावशी कशा आहेत?’

मी फोन बंद केला.

आई दारात उभी होती. किती ऐकलं कोण जाणे. तिने पाटीवर लिहिलं — ‘विल्मर?’ मी म्हटलं, ‘नाव काढू नकोस त्याचं.’ तिने पाटी पुसली.


९ सप्टेंबर, सोमवार

आज कपबशा धुताना जुनं भांडण आठवलं. गेम बाहेर पडायच्या आधीचं. मी म्हणत होते, थोड्या तरी डिस्क काढू. डबी, डबीवर माझं चित्र, आत डिस्क. माणसाच्या हातात काहीतरी राहू दे.

विल्मर हसला होता. ‘वेडी आहेस का? डब्या ठेवायच्या कुठे, मावशींच्या टोपल्यांत? आणि डिस्क निघाली की दुसऱ्या दिवशी बाहिया बाजाराच्या फुटपाथवर तिच्या नकला विकायला येतील.’

मला ते पटलं होतं! मूळ फाइलीही त्याच्याच सांगण्यावरून कंपनीच्या ऑनलाइन खात्यात ठेवल्या. ‘तिथे सुरक्षित राहतात.’ माझा घरचा कॉम्प्युटर गेल्या वर्षी वीज जाऊन-येऊन जळाला, तेव्हा मी हळहळलेसुद्धा नाही. सगळं तिथे आहेच की, म्हटलं. आज त्या खात्यात माझा पासवर्ड चालत नाही.

दुपारी बाहियात गेले. नकली डिस्क विकणाऱ्यांच्या गल्लीत. ज्यांच्या नावाने आम्ही बोटं मोडायचो, त्यांच्यासमोर उभं राहून विचारलं, ‘‘ओहोटी’ आहे का हो?’

दुकानदाराने मान हलवली. ‘डिस्कवर आलाच नाही तो, बाई. जे आलंय ते सगळं आहे माझ्याकडे. न आलेलं कुठून चोरू?’

मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याच्यापाशी रडावंसं वाटलं.


१२ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी कोपऱ्यावर एन्सेबोयादो, कांदा घातलेलं माशाचं सार, खायला गेले. समोरच्या टेबलावर एक नर्स, पांढऱ्या कपड्यांत, रात्रपाळी करून आलेली. माशाच्या वाडग्यात लिंबू पिळता पिळता माझ्याकडे बघत होती. मग सरळ उठून आली.

‘तुम्हीच ना त्या ‘ओहोटी’वाल्या?’

नाही म्हणावंसं वाटलं. हो म्हटलं.

‘ड्युटी संपली की अर्धा तास खेळायचे मी. माझी आई स्पेनमध्ये आहे, दुसऱ्यांची म्हातारी माणसं सांभाळते. तुमची ती गेममधली आई ओरडली, की घरी आल्यासारखं वाटायचं.’ खुर्ची न ओढताच बोलत होती. ‘माझ्या कपाटात कधीच्या जुन्या डिस्क पडल्यात. चरे पडलेत, पण आहेत. कोणाची हिंमत आहे घरात शिरून न्यायची? हा एकच गेम तुमच्या भरवशावर घेतला.’

मी म्हटलं, ‘माझ्याकडेही नाहीये. खरंच नाहीये.’

तिने माझ्याकडे नीट बघितलं. ‘चार शब्द सुनावणार होते तुम्हाला,’ म्हणाली, ‘पण तुमचं तोंड बघून वाटतंय, तुमच्याच घरात दरोडा पडलाय.’

आणि माझ्या वाडग्याशेजारी तिची केळ्याच्या वेफर्सची पुडी ठेवून गेली.


१५ सप्टेंबर, रविवार

आई बरी खाते. झोपतेही शांत. संध्याकाळी खिडकीत बसते. माझ्यासाठी हसरं तोंड ठेवते बिचारी! मला मात्र विल्मरचा चेहरा समोर आला की दात ओठ खावेसे वाटतात. याच टेबलावर जेवलाय तो. आई माशाचा डोक्याकडचा तुकडा त्याला काढून ठेवायची, मला नाही.


१९ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्रभर देशभर वीज बंद. सकाळी फोन चालू झाला तर शिव्यांच्या गर्दीत एक वेगळाच निरोप! दालिला नावाची बाई लिहिते — ‘एवढी बोंबाबोंब कसली चाललीय? माझा भाऊ पुना बेटावर रोज खेळतो तुमचा गेम. कालच खेळत होता.’

लगेच विचारलं, कसा काय?

त्याच्या घरात नेटच नाही. गेम त्याने इथे, बहिणीच्या घरी, मशीनमध्ये उतरवून घेतला आणि मशीन होडीत घालून बेटावर नेलं. ते परत नेटला लागलंच नाही. म्हणून गेम काढून टाकायचा हुकूम त्या मशीनपर्यंत पोहोचलाच नाही!

रविवारी जाते. आईला सांगत नाही. आधी हातात येऊ दे.


२२ सप्टेंबर, रविवार

पहाटेच्या बसने पोसोर्हा, तिथून लाँच. कपडे खाऱ्या पाण्याने ओले, डोकं दुखतंय, पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

भावाचं नाव तेओफिलो. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. पन्नाशीचा गडी, दारातच आडवा उभा.

‘मशीन नेटला लावायचं नाही. तार जोडायची नाही. फोन त्याच्यापासून लांब.’

‘मला फक्त आवाज घ्यायचाय,’ मी म्हटलं. ‘गेम मीच बनवलाय हो.’

‘बनवला असेल, बाई. पण विकलात ना? मग आता तो माझा आहे.’

विल्मरचा फोन आल्यापासून पहिल्यांदा मी हसले! अख्ख्या जगात ज्याच्याकडे ‘ओहोटी’ आहे असा एकच माणूस मला ठाऊक, आणि तो मलाच दारात अडवतोय. बरोबरच होतं त्याचं. मी दोनदा सांगितलं, तुमच्याकडून काही नेणार नाही. तेव्हा स्टूल पुढे सरकवलं.

खेळायला तोच बसला. मी फोनचं नेट बंद करून त्याला दाखवलं आणि तो पडद्याच्या स्पीकरशी धरला. आणि आई बोलली.

‘ए भवाने, पाणी चढतंय, दिसत नाही का?’

‘आलो गं, आलो!’ तेओफिलो पडद्याला म्हणाला. रोज म्हणत असणार. प्रत्येक हाकेला उत्तर देतो तो. मुद्दाम आत आत गेला, हाक बारीक होईपर्यंत, मग माघारी फिरला. सगळ्या हाका मिळाल्या मला. एकही सुटली नाही.

निघताना त्याने विचारलं, ‘आवाज कोणाचा हा?’

‘माझ्या आईचा.’

‘अजून असंच ओरडते?’

‘हो,’ म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

घरी आले तेव्हा आई झोपली होती. उद्या तिच्या हातात फोन देईन. विल्मरने नेलेलं मी परत आणलं!


२३ सप्टेंबर, सोमवार

ऐकवलं.

पहिल्याच हाकेला आईने फोन पालथा घातला. मग पाटी ओढून बराच वेळ लिहीत राहिली. ‘रोज संध्याकाळी मला माझ्याच मयताला बसवतेस. विल्मरला मीच म्हटलं, माझा आवाज काढ त्यातून. तुला सांगू नको म्हटलं. तू ऐकलं नसतंस.’

मी विचारलं, ‘विकायलाही तूच सांगितलंस?’

तिने मान हलवली. नाही. ते त्याचं त्याने केलं.

मग फोन उचलून माझ्यापुढे धरला आणि खुणेने विचारलं, पुसायचं कसं? मी दाखवलं. बटण तिने दाबलं.