पदराआडचं हसू

३ फेब्रुवारी
ॲनिमेशनचं काम पुन्हा परत आलं! कॉम्प्युटरवर केलेली म्हातारी हसते, पण हसल्यासारखी वाटत नाही. सौम्या मॅडम म्हणाल्या, "बाहुली दिसते. माणसाचे दोन्ही गाल असे एकदम वर जातात का?" सोमवारपर्यंत हे हसू पास झालं नाही, तर काम हैदराबादच्या टीमला आणि मी घरी. डोळे चुरचुरतायत. जेवणसुद्धा नको वाटतं.

४ फेब्रुवारी
वडगावच्या बसमध्ये लोकांची तोंडं बघत आले. एक बाई खेकसली — "काय बघालीस गं?"

६ फेब्रुवारी
शेवटी आईचंच हसू घ्यायचं ठरवलं. मोबाइलचा कॅमेरा लावला, तर ही तोंडावरचा पदर सोडेना! हल्ली हिला नव्या नवरीसारखी लाज. हसताना पदर, चहा पिताना पदर!
"आई, पदर काढ. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."
"नगं गं. म्हातारीचं त्वांड काय बघतीस?"
मी चिडले. चक्क ओरडले. मग काढला तिनं. भावकूमामाची म्हैस लग्नाच्या मांडवात शिरली होती, ती गोष्ट काढली, तेव्हा कुठे हसली.

७ फेब्रुवारी
दिवसभर आईचं हसू त्या म्हातारीवर चढवत बसले. उजवा गाल वर जातो, डावा जवळजवळ जागचा हलत नाही. डावा डोळा अर्धा उघडाच. आपल्या मनानं हे सुचलंच नसतं! मान भरून आलीय, पण काम झालं.

१० फेब्रुवारी
पास!! मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवलं — "नोडी, बघा, खरा चेहरा असा असतो. दोन बाजू कधी सारख्या नसतात." टाळ्या पडल्या. नोकरी वाचली. आनंद व्हायला हवा होता, नुसती झोप येत होती. येताना मिठाईच्या दुकानातून कुंदा आणला. आईनं तोही पदराआडच खाल्ला.

१६ फेब्रुवारी, रविवार
दुपारी आई झोपली होती. पदर सरकलेला. डावा डोळा उघडाच. मी घाबरून हलवून उठवलं.
"वारं गेलंय गं तोंडावनं. दिवाळीधरनं ही बाजू हलतच न्हाय. तुझ्या ध्यानात आलं न्हाय, मग मीबी बोलले न्हाय."