मामा, तुमचे एकशेवीस

तीर्थरूप मामांस,

भाचीचा नमस्कार. डोकं तापलेलं असलं तरी वाकूनच केला आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? निवृत्त झाल्यापासून तुम्ही गुलाबांची कलमं करत असता, असं आईकडून कळलं. करा. इकडे तुमच्याच जुन्या खुर्चीत बसून मी रोज तुमच्या नावाने खडे फोडते आहे.

चष्म्याच्या कारखान्यातले सगळे प्रोग्राम मामाने एकहाती लिहिले, हे कौतुक मी लहानपणापासून ऐकत आले. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद एकशेवीस अक्षरांची: नाव, उजव्या डोळ्याचा नंबर, डाव्याचा, फ्रेम. इथवर ठीक. पण ते एकशेवीस एका जागी लिहावं आणि बाकीच्या प्रोग्रामांना तिथून घ्यायला लावावं, एवढं साधं तुम्हाला सुचू नये? तुम्ही जिथे तिथे हाताने लिहीत गेलात. (एके ठिकाणी तर दोन नोंदी एकदम वाचायच्या म्हणून दोनशेचाळीस. कुठे टीप नाही, काही नाही.)

मागच्या महिन्यात तुमच्यानंतर आलेल्या नव्या मालकांना नोंदीत काचेचा रंगही हवा झाला. नोंद एकशेबत्तीस अक्षरांची झाली. मी संगणकाला सांगितलं, एकशेवीस दिसेल तिथे एकशेबत्तीस कर. त्याने इमानेइतबारे केलं. दोनशेचाळीसला अर्थातच हात लावला नाही, त्यामुळे तो प्रोग्राम जुन्याच मापाने तुकडे पाडत बसला आणि एकाच्या नोंदीचं शेपूट दुसऱ्याच्या नावात घुसून एकाचा नंबर दुसऱ्याला गेला. शिंप्याला सुई दिसेना, लांबची पाटी मात्र स्वच्छ दिसू लागली. बसचालकाला रस्ता सोडून स्वतःची नखं दिसू लागली. (बस आगारातच उभी होती, म्हणून हे विनोदाने लिहिते आहे.) आणि मामा, लहान मुलांच्या चष्म्याच्या काड्या एकशेवीस मिलिमीटरच्या असतात! तेही एकशेवीस तुम्ही तसंच उघडं टाकलेलं. त्याचंही एकशेबत्तीस झालं, काड्या वाढल्या आणि एका अख्ख्या शाळेचे चष्मे नाकावरून घसरून वह्यांवर पडले.

शाळेच्या मुख्याध्यापिका चष्म्यांची पिशवी मालकांच्या टेबलावर ओतून गेल्या. मालक मला एवढंच म्हणाले, "सोमवारी एक जरी चष्मा चुकीचा निघाला, तर मंगळवारी येऊ नकोस." घरात माझ्या एकटीचा पगार येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला भीती वाटते, आणि भीती वाटली की माझा राग आणखी वाढतो.

आता मी नोंदीची लांबी एका जागी लिहून तिला नाव दिलं आहे आणि एकेक प्रोग्राम त्या नावाला जोडते आहे. प्रत्येक एकशेवीससमोर बसून विचारते, बाबा रे, तू नोंद की काडी? हे सगळं लिहिलं कोणी, असं मालकांनी विचारलं. मी दात ओठ खात होते, पण तुमचं नाव घेतलं नाही.

मामींना नमस्कार सांगा. तुम्हाला वर केला तेवढा पुरे.

तुमची (सध्या नाइलाजाने) भाची

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तोवर सोमवार पार पडला. सगळे चष्मे बरोबर निघाले. नोकरी टिकली.

आणखी एक. छपाईचा प्रोग्राम तेवढा जोडायचा राहिला होता आणि मालक दारात येऊन उभे होते. त्यात मी एकशेबत्तीस हातानेच लिहिलं. या रविवारी या, शेजारी बसा आणि ते मला काढायला लावा. चाललंय ना, मग हात कशाला लावायचा, असं मला कालपासून वाटायला लागलं आहे.