समईखालचा कागद

बाबा, तुम्ही गेल्यापासून तुमच्या समया म्हापशाच्या बाजारात बसत नाहीत, फोनमध्ये बसतात. भाई डिचोलीत तुमच्याच भट्टीवर पितळ ओततो, मी शाळेत संस्कृत शिकवून आले की फोटो काढते, वर्णन लिहिते आणि ऑनलाइन दुकानात टाकते. पहिल्या वर्णनात मी 'अनन्यसाधारणहस्तनिर्मितदीपिका' असा समास घातला होता. तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. भाई म्हणाला, समास सोड, समई दाखव. सोडला, तर ऑर्डरी येऊ लागल्या. हसू नका.

तुमची रीत आम्ही मोडली नव्हती. प्रत्येक समई कागदावर ठेवायची, तेल घालून दुपारभर तशीच सोडायची, दिवेलागणीला एकदा वात लावायची, मग चिंचेने घासून द्यायची. गेल्या महिन्यात नागपूरच्या एका बाईंनी तक्रार केली की वातीच्या जागी काजळी आहे, समई वापरलेली आहे. दुकानवाल्यांची ताकीद आली: अशी आणखी एक तक्रार आली तर दुकान बंद. 'न वापरलेली' या चौकोनात खूण मीच केली होती. बिनपेटलेली समई घरातून गेली तर तुम्ही तिला मुकी म्हणायचात, हे त्यांना कुठल्या चौकोनात लिहिणार? मी घाबरले. भाईला म्हटलं, यापुढे वात नको. तो म्हणाला, "मगे तेल तरी घालून बघ गो." मी म्हटलं, तेलाचा वास राहतो.

तेव्हाच मला तो शुक्रवार आठवायला हवा होता. मी तेरा वर्षांची, बस सुटायला आलेली, तुम्ही आत सदरा शोधताय आणि मी समया पिशवीत भरतेय. म्हापशात तुम्ही एकेक समई काढून पुसता, एकीच्या बुडाला बोट लावता आणि थांबता. बोट तेलाने ओलं. एका गिऱ्हाइकाने ती मागितली तरी तुम्ही फडक्यात गुंडाळून परत पिशवीत टाकता. मला एवढंच म्हणता, "दिव्याचा तोंड सगळे बघतत, पोट कोण बघता?" परतीच्या बसमध्ये डिचोलीपर्यंत ती पिशवी तुम्ही स्वतःच्या मांडीवर धरून बसता. तुमचा मार परवडला असता.

आज सकाळी भाईने उरलेली एक समई स्वतःच्या समाधानासाठी तेल घालून कागदावर ठेवली. दुपारी खाली तेलाचं वर्तुळ. सुईच्या टोकाएवढं भोक. तिच्याच ओतकामातली जोडीची समई मी, तेल घालून न बघता, बेळगावला पाठवली आहे. काल पोचली. घेणाऱ्या मुलीने आजच लिहिलंय, आई अंथरुणाला खिळलेली आहे, उशाशी लाकडी कपाटावर दिवसरात्र तेवत ठेवणार, उद्यापासून. लाकूड, तेल, ज्योत आणि उठता न येणारी बाई. स्नेह म्हणजे तेलही, हे मी दरवर्षी वर्गात मोठ्या कौतुकाने सांगते. तो ठिबकत कुठवर जातो, हे डोळ्यांसमोरून हलत नाही.

तिला फोन करायला नंबर नाही, दुकानातूनच निरोप धाडता येतो, आणि तो दुकानवालेही वाचतात. "समई पेटवू नका, ती गळत असेल, चूक आमची" असं लिहिलं की दुकान बहुतेक गेलं. भाईने भट्टी विझवून काय करायचं, हे मला माहीत नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "बाबांक विचार." म्हणून विचारायला बसले, आणि अर्धा तास तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही उलट उत्तर देणार नाही.

तुम्ही काय म्हणाल ते ठाऊक आहे. निरोप लिहून ठेवलाय, तो आत्ता पाठवते. हे तुमचं पत्र मात्र वहीतच राहील, कारण त्यात एक गोष्ट लिहायची राहिली आहे. त्या शुक्रवारी तुम्ही समजलात की माझं लक्ष नव्हतं. कागदावरचं वर्तुळ मी पाहिलं होतं, बाबा. बस चुकेल म्हणून तो कागद मी चुलीत घातला.